पेन्सिलीतली माणसं

उद्यमबागच्या फाउंड्रीत माझ्याकडं दोन वह्या होत्या.
एक लाल पुठ्ठ्याची, शाईची.
तिच्यात एकवीस माणसं, प्रत्येकाला नंबर.
दुसरी शाळेची, शंभर पानी, मागं पाढे छापलेली.
तिच्यात छत्तीस. पेन्सिलनं.

मालक म्हणायचे, पेन्सिल बरी. बदलता येतं.

तपासणीचा साहेब यायचा त्या दिवशी
छत्तीसजण मागच्या दारानं रुळापलीकडं
बाभळीखाली तंबाखू मळत बसायचे.
कुणीतरी म्हणायचं, आज आपण जन्मलोच न्हाई.
जीप गेली की मी शिट्टी मारायचो,
मग सगळे काळ्या वाळूत परत.

भरमाणी हलगेकर, यळ्ळूरचा. सात वर्षं पेन्सिलीत.
वितळलेल्या लोखंडाची पळी धरायचा,
पायात पोराचे शाळेचे बूट,
मागून कापलेले, टाचा बाहेर.
"माझं नाव शाईत कधी हो?"
"बघू की, गणपती झाल्यावर."
सात गणपती बुडाले.

श्रावणातल्या मंगळवारी साचा ओला राहिला.
ओल्यात ओतलं की लोखंड उडतं
हे त्याला ठाऊक, मला ठाऊक,
मालकांना तर बापापासून ठाऊक.
खरं ऑर्डर अर्जंट होती.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, एल्लि आयतु?
कुठं झालं?
भरमाणीनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हणालो, मनेयल्लि. घरात.
आंघोळीचा बंब कलंडला.
माझं कन्नड इतकं स्वच्छ
त्याआधी कधी आलं नव्हतं.

रात्री खोडरबर घेऊन बसलो.
फुंकर मारली. टेबलावरून
थोडा काळा भुगा खाली पडला.

नवव्या दिवशी लगमव्वा आली.
पैशाचं काढलंच नाही तिनं.
"हितं कामाला हुता म्हणून एक कागद द्या.
मराठीत द्या, न्हाईतर कन्नडात. कशातबी."
का कोण जाणे, मी ती वही काढली,
खिडकीशी तिरकी धरली.
मी दाबून लिहितो, लहानपणापासूनची खोड.
हलगेकरचा ह कागदात रुतून बसलेला.
तिला वाचता येत नाही.
खोडल्या जागेवरून तिनं बोट फिरवलं,
आंधळा फिरवेल तसं.
"हितं हुता व्हय?"

व्हय म्हणायला तोंड उघडलं,
तोवर आतून मालकांचा आवाज,
"सांबरेकर, कोण आलंय रे?"

"कोणी नाही," म्हणालो मी.