बाराव्या आशीर्वादाला आमेन

सोलापुरात आमची मशीद नव्हती.
दहा पुरुष जमले की ती खोलीच मशीद.
हसाजी आजा गेला त्या आठवड्यात
दहा जमवणं म्हणजे
कुर्डूवाडीहून गार्ड चिंचोळकर, मिळेल त्या मालगाडीनं,
जुन्या मिलमधले तिघे, पाळी बदलून,
सिव्हिलचा कंपाउंडर, हाताला डेटॉलचा वास,
आणि तेरा पुरे होऊन सतराच दिवस झालेला
माझा भाऊ एलियेजर,
ज्याला लोक अचानक अहोजाहो करू लागले.

आरशावर घरचीच चादर टाकलेली, मोराची.
दुपारी पत्रे तडतडत.

ओहोळ मास्तर दाराशी बसत.
उंबऱ्याच्या अलीकडे की पलीकडे
ते आजही मला सांगता येणार नाही.
मोदीतल्या चर्चचे ते वडीलधारे.
आम्ही निर्धास्त खावं म्हणून नवा तवा, नवी परात घेतली होती,
रोज कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणत.
मोजणीत ते नव्हते.
हिब्रू येत नव्हतं.
एकच शब्द येत होता, तो त्यांच्या घरचाच होता.

बिनयामीनकाका तेफिला मोठ्यानं म्हणत.
एकेक आशीर्वाद संपे, आम्ही आमेन म्हणू,
आणि दारातून, अर्धी मात्रा मागून,
खर्जातलं आणखी एक.
तिसऱ्याला सगळ्यांच्या टाचा तीनदा उचलल्या,
तेव्हा मास्तरांनी ओळखलं असावं:
त्यांचे ओठ हलले, पवित्र, पवित्र, पवित्र.

आज्याचं पुस्तक माझ्या मांडीवर,
उजवं पान हिब्रू, डावं मराठी.
बारावा आला. माझं बोट डाव्या पानावर होतं:
चहाडखोरांना आशा नसो.
काका थांबले. आणि दारातून
सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठं:
आमेन.

गार्ड खोकले.
तेरावा सुरूच होईना.
मिलचा भोंगा होऊन गेला तरी.

काका जाणून होते. मला पुष्कळ वर्षांनी कळलं
की एके काळी ही ओळ चाळणी होती.
नाझरेथच्या त्या माणसाला मानणारे
तेव्हा आमच्याच बाकांवर बसत.
बाराव्याला ज्याची जीभ अडखळे
त्याला खाली उतरवत.
(ज्यानं ती ओळ जुळवली
तोच पुढल्या वर्षी ती विसरला, असंही सांगतात.
दोन-तीन तास आठवत उभा होता.
त्याला कुणी उतरवलं नाही.)
मग ते गेले. की घालवले?
आधी कोण उठलं ते दोन्ही घरं वेगळं सांगतात.
जाताना स्तोत्रं नेली, आमेन नेलं,
तीनदा पवित्र नेलं,
वाटणीत भांडी जातात तशी,
बुडाशी नाव अजून आज्याचंच.
पुढं त्यांचं घर मोठं झालं,
आणि वर्षातल्या एका शुक्रवारी म्हणायला
त्यांनीही आमच्यासाठी एक ओळ केली.
ती कुठल्या कुठल्या दारांवर दगड होऊन पडली.
इथे नाही. पण पडली.

त्या संध्याकाळी काकांनी मास्तरांना अर्थ सांगितला,
मान खाली घालून, फक्त शब्दांचा.
मास्तर चटणीवर तेल घालत होते.
म्हणाले, "आहेत ना चहाडखोर.
आमच्या कमिटीतच चार आहेत."

दुसऱ्या दिवशी बाराव्याला
काकांचा आवाज इतका खाली गेला
की कधी संपला ते कुणालाच कळलं नाही.
मास्तर मान पुढं काढून थांबले,
बोटांवर मोजत होते बहुतेक.
मग अंदाजानंच म्हणाले.