संचालक क्रमांक दोन

सप्टेंबरची तीस तारीख. वाशी, सेक्टर सतरा,
तिसरा मजला. एसी गळतोय, खाली बादली,
आणि समोरच्या खुर्चीत जो बसेल त्याला
मी सकाळपासून एकच विचारतेय:
तुम्ही तुम्हीच ना?

महापेचा एक जण म्हणाला, काल रात्रीपर्यंत तरी होतो.
एकाला कॅमेरा ओळखेना,
पॅनवर केस होते.
एका काकांनी ओटीपी माझ्या कानात सांगितला
गुरुमंत्र द्यावा तसा.

साडेचारला रमाकांत मढवी आले,
स्वयंभू रबर प्रॉडक्ट्स प्रायव्हेट लिमिटेड, रबाळे.
हातात दोन मोबाईल, त्यातला एक बायकोचा.
‘ही आमची मिसेस, वनिता. संचालक क्रमांक दोन.
लवकर करा, टेम्पो खाली उभा आहे.’

एकोणीस वर्षांत कंपनीबद्दल तिला
एकच वाक्य सांगितलं गेलं होतं: इथे सही कर.
तिनं केली. ओट्याशी, पिठाच्या हातानं.
मुलीच्या हळदीत, बँजो वाजत असताना,
कुणाच्या तरी पाठीवर कागद ठेवून.

नाव जुळत नाही, स्क्रीन म्हणाली.
आधारवर वनिता रमाकांत मढवी.
पॅनवर, आणि कंपनीच्या सगळ्या कागदांवर,
इंदुमती हिराजी केणी.

इंदुमती कोण?
‘कुणी नाही हो, जुनं नाव,’ मढवी म्हणाले.
‘मी,’ ती म्हणाली.

मग माझ्याकडे बघत, फॉर्म भरल्यासारखं सांगत गेली:
लग्नात ताटभर तांदूळ पसरले,
अंगठीनं त्यावर वनिता लिहिलं.
नाव वाचलं सगळ्यांनी, पेढे वाटले.
तांदूळ दुसऱ्या दिवशी रांधले. मीच रांधले.

मी शेअरचं रजिस्टर काढलं.
जिल्द सुटलेली, आत एक वाळलेलं झुरळ.
पान तीन: इंदुमती हिराजी केणी, शंभरात साठ.
घणसोलीला बापाची खाजणजमीन गेली,
बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉट विकला,
त्या पैशात रबाळ्याचं पहिलं प्रेस मशीन आलं.
हे तिला ठाऊक होतं.
साठ हा आकडा ठाऊक नव्हता.

‘साठ म्हणजे अर्ध्याच्या वर ना गो?’
हो.
मढवींनी खिडकीतून टेम्पो बघितला.

आता कॅमेऱ्यात बघा, मी म्हटलं.
डोळे मिटा. उघडा. मान डावीकडे.
जिवंत माणूस आहे, फोटो नाही,
एवढंच त्या यंत्राला हवं असतं.
तिनं डोळे मिटले ते जरा जास्तच वेळ.
यंत्र थांबलं. मीही थांबले.
उघडले तेव्हा नवऱ्याला विचारलं,
‘आपल्या कंपनीत बनतं काय?’

‘गॅस्केट.’
‘कुकरची?’
‘पंपाची.’
‘एकोणीस वर्सं मना वाटायचं, कुकरची.’

तिचा मोबाईल मढवींच्या हातात वाजला.
सहा आकडी नंबर. ते वाचू लागले.
तिनं हात पुढे केला, फक्त तळवा,
बसमध्ये कंडक्टर करतो तसा.
त्यांनी दिला.

मी समजावून सांगितलं:
दोन नावं चालत नाहीत. एक ठेवायचं,
दुसऱ्यासाठी प्रतिज्ञापत्र, शंभरच्या स्टॅम्पवर.
कुठलं ठेवू?

‘वनिता,’ मढवी म्हणाले.
‘उद्या सांगते,’ ती म्हणाली.
‘अगं, आज शेवटची तारीख! उद्यापासून पाच हजार दंड.’
‘कंपनी भरेल,’ ती म्हणाली,
आणि मोबाईल पर्समध्ये टाकून
चेन ओढली.

बादली भरली होती. ती ओतून आले
आणि फाईलच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं:
संचालक विचार करत आहेत.