खडू

चार वर्षं पेट्या येत राहिल्या.
पहिलीत शेपटीची नळी, दुसरीत नुसते नट,
पुडीपुडीवर आकडे.
हे ते परातीत निवडत बसायचे, तांदूळ निवडावेत तसे.
माझ्याच परातीत.
त्या दिवसांत भाकरी मी ताटात थापली.

जालन्यात, रोलिंग मिलच्या मागच्या शेडात,
आयुष्यभर अंदाजानं गेटं जोडणारा माणूस
काट्याच्या पान्यानं मोजून बोल्ट आवळायला लागला,
आन् आवळला की वर लाल रेघ ओढायचा.
रेघ तुटली तर समजायचं, बोल्ट हलला.
पोरीचं नेलपॉलिश संपलं, बोल्ट उरले.

लोक विचारत, दोनच सीटा कामून?
अंबडच्या काळीपिवळीत सतरा बसतात.

एकटं बसलं तर ते एका अंगाला कलतं.
म्हणून मोंढ्यातल्या काट्यावर आधी हे चढले, मग मी.
हमालांनी तोंड फिरवून हसून घेतलं.
माझ्या वजनाचं सरकीचं पोतं भरून आणलं,
दुसऱ्या सीटवर पट्ट्यानं बांधलं.
मी काही बोलले नाही.

आज पात्यांची पारख.
एकाच्या टोकाला लाल खडू, दुसऱ्याच्या निळा.
जुन्या धोतराची पट्टी बांबूला ताणून
मी पाय रोवून उभी.
इंजिन चढलं. पत्रे थरथरले,
कुत्रं थेट रुळांपर्यंत पळालं.
फेरोज रेडिएटरवाला आकडे ओरडत होता,
"चारशे नव्वद... वैजनाथभाऊ, पाचशे!"
पाती दिसेनाशी झाली, उरली हवेची एक थाळी.
"लाव आता. भाकरीला पाणी लावतेस तशी."

टक्.
एवढाच आवाज.

धोतरावर दोन रेघा,
लाल वर, निळी खाली, मध्ये दोन बोटं.
एवढा वेळ वेगवेगळ्या उंचीवर फिरत होती,
बघणाऱ्याला एकच वाटत होती.
मला हसू आलं. का, ते यांना सांगितलं नाही.

अर्धा आटा पिळला. एक बोट राहिलं.
पाव आटा. पुन्हा पाव, उलटा.
पाचव्यांदा, ऊन उतरताना,
एकच रेघ उमटली, जांभळी,
कडेला जरा लाल राहिलेली.
"तेवढं चालतं," म्हणाले,
आन् जमिनीवरच बसले, पाना मांडीवर घेऊन.

मी पोत्याचा पट्टा सोडला.
फेरोजनं एक टोक धरलं.
उडायचं आज नव्हतंच,
तरी चढून बसले.
सीटला सरकीचा वास.
पायाखाली काच, काचेखाली
तेलाचे डाग, खडूची भुकटी,
आणि बाहेर काढून ठेवलेल्या
माझ्या चपला.