एक मीटर बाय एक मीटर

चार बांबू, खुराड्याची जाळी,
वरून झाकायला फाटक्या पागाचा तुकडा.
कोलशेतच्या मागच्या तळ्यातलं
एवढंच पाणी आम्ही वेगळं काढलं
आणि पाटी लावली:
प्रयोग चालू आहे, हात लावू नये.
मढवींची जाफराबादी पहिल्याच दिवशी
पाटीला पाठ घासून गेली.

प्रश्न सोपा होता.
कोणी खाल्लंच नाही तर काय उगवेल?
मला वाटायचं, बाग.

दर शनिवारी मांडीएवढ्या पाण्यात उभी राहून,
वही प्लास्टिकच्या पिशवीत,
मी जाळीबाहेरचं मोजायची:
कुमुदिनीच्या पानावर अळीने काढलेली वेडीवाकडी वाट,
शंखगोगलींनी रात्रीत पुसून काढलेलं शेवाळ,
पाणकणसाचा कोवळा दांडा – जांभळी पाणकोंबडी
तो एका पायात धरते, उसासारखा सोलते,
पांढरा गाभा तेवढा खाते, बाकीचा टाकते.
म्हशींच्या खुरांचे खड्डे,
एकात नाळीची भाजी, एकात टिकलीएवढी गोंडाळ,
एकात शिंगाड्याचा कोंब, कुठून आला कोण जाणे.
सगळं अर्धवट खाल्लेलं,
पंगत उठल्यावरच्या पत्रावळींसारखं.

चांगुणाबाई मढवी काठावर शेण भरता भरता म्हणाल्या,
"पिंजऱ्यान कोनाला कोंडलास गो?"
कोणाला नाही. खाणाऱ्यांना बाहेर ठेवलंय.
"मंग उपाशी कोन?"
वहीत याला रकाना नव्हता.

भाद्रपदात जाळीच्या आत अकरा जाती.
दिवाळीला सात.
पौषात तीन, त्यातली एक सडत चाललेली.
होळीला फक्त पाणकणीस,
एकाही पात्याला दात न लागलेलं, तुकतुकीत,
वरचा पाग डोक्याने उचलून धरणारं.
बुडाशी हात घातला,
कोपरापर्यंत गार काळोख, एक बेडूकही नाही.

अहवालात मी एक आलेख काढला.
साहेब म्हणाले, चांगला आहे.

मग तळ्याचं सुशोभीकरण झालं.
स्टीलचं कठडं, निळे दिवे, बसायला सिमेंटचे ओंडके,
फाटकावर सूचना: गुरांना मनाई.
मढवींचा तबेला पडघ्याला गेला.
आमचे चार बांबू ठेकेदाराच्या माणसांनी उपटले,
शेकोटीला वापरले असतील.
जाळी आता लागतही नव्हती.

दोन वर्षांनी गेले, सहज, कामाने नाही.
काठापासून काठापर्यंत पाणकणीस.
मधे पाणी आहे हे
आवाजावरूनही कळेना.
एक माणूस नातवाला सांगत होता,
बघ, किती हिरवंगार.
नातू म्हणाला, तळं कुठाय?

मी कठड्यातून हात घातला.
एक कोवळा दांडा मोडला,
नखाने सोलला,
इकडेतिकडे पाहिलं
आणि चावला.
पाणचट. मागाहून काकडीसारखं काहीतरी गोड.

वही नव्हती जवळ.
बसच्या तिकिटामागे तारीख टाकली, वेळ टाकली,
आणि लिहिलं:
खाणारे – एक.