पातळ वाटप

सोहारला जुलैत रात्री अकरा वाजता
बाहेर एकोणचाळीस, आत एकोणीस.
मी स्वेटर घेऊन कामाला निघतो.
गेटवरचा बलुची वॉचमन अजून हसतो त्याला,
चार वर्षं झाली, तोच विनोद, तेच हसू.

कंपनीचा स्वतःचा ढग आहे, खाजगी,
तिसऱ्या मजल्यावर, दोन कार्डं दाखवून आत जायचं.
मेहुणीनं फोनवर विचारलं होतं,
ढग, आणि कुलपात?
हो म्हटलं, आणि पुढे काय सांगावं ते सुचेना.

कारण खरं ते असं आहे:
पर्चेसला वाटतं आपल्याकडे दहा टेराबाइट,
एचआरला वाटतं दहा,
धक्क्यावरच्या क्रेनवाल्यांना वाटतं वीस.
खाली सगळ्या डिस्क मिळून बाराच.
सगळे एकाच दिवशी मागायला येत नाहीत
एवढ्या भरवशावर चाललंय.
आडात नाही,
पण पोहऱ्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

आमच्या धंद्यात याला पातळ वाटप म्हणतात.
मला ते कोर्समध्ये शिकावं लागलं नाही.

पहिली दोन वर्षं फलज-अल-कबाइलला
मी अर्धा पलंग भाड्यानं घेतला होता.
दिवसा माझा,
रात्री अब्दुलरज्जाक मुकादमचा, राहणार श्रीवर्धन.
उशी त्याची, चादर माझी.
दोन वर्षांत आम्ही एका ताटाशी बसलो ते पाच-सहा शुक्रवार,
पण त्याच्या डोक्याचा उशीतला खळगा
मला पाठ होता.
दोघांनीही घरी कळवलेलं, पलंग मिळाला.
खोटं कुठे होतं त्यात?
झोपायचो तेव्हा पूर्ण पलंगच असायचा.

आज जागा चौऱ्याण्णव टक्के भरली.
वरून आदेश: बेवारस मशिनं शोधा, पुसा.
यादी काढली. एकतीस निघाली.
कुणाची परीक्षा संपलेली, कुणाचं टेंडर बुडालेलं,
एक नुसतंच चालू, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं.
सतराव्या ओळीत: एसवर्धन-०२.
मालक: रिकामं.
शेवटचा लॉगिन: सहा वर्षांपूर्वी, एक गुरुवार.

मुकादम कॅम्प ऑफिसात हजेरी लिहायचा.
पलंगांचा हिशेबही त्यानं तिथंच ठेवला होता,
खोली, पलंग, दिवस, रात्र, रियाल.
खोली चौदा, पलंग तीन.
दिवस, नलावडे, पंधरा.
रात्र, स्वतः, पंचवीस.

मी दोनदा वाचलं.
तो म्हणायचा, अर्धं-अर्धं, भावा, हिशेब साफ.
तीस रियालचा पलंग समजून
मी चोवीस महिने निजलो त्यावर.
त्याची बायको तेव्हा बाळंतपणाला होती.
माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त होता,
हे त्याला माहीत नव्हतं,
आणि मी सांगितलं नव्हतं.

नंबर लावून पाहिला.
एक बाई अरबीत काहीतरी शांतपणे म्हणाली,
रेकॉर्ड केलेली.

चालू मशीन एका पेटीतून दुसरीत हलवता येतं,
त्याला कळतही नाही,
घड्याळ तेवढं क्षणभर अडखळतं.
मी ते मागच्या, संथ डिस्कवर हलवलं,
जिथे सहसा कुणी मोजायला जात नाही.
फॉर्ममध्ये मालकाच्या रकान्यात माझं नाव.
मग कारण विचारलं.
यादीत कायदेशीर होतं, ऑडिट होतं,
सगळ्यात खाली इतर.
इतर निवडलं.

बाकीची तीस पुसली.
त्र्याण्णव पूर्णांक आठ.
सकाळी साहेब विचारतील, रात्रभर एवढंच?

पाच वाजता बाहेर पडलो,
चष्म्यावर लगेच वाफ धरली.
वॉचमन काहीतरी हसून बोलला.
दिसेना, म्हणून तिथंच उभा राहिलो थोडा वेळ,
स्वेटर अंगातच.