तुपली का मपली

खोली नंबर सातमध्ये चार कॉट, चार ट्रंका, एक आरसा.
आरशावर आधीच्या वर्षीच्या कुणा मुलीची टिकली,
ती आम्ही कुणीच काढली नाही.
समोर उभं राहिलं की बरोबर बसायची नाही कुणाच्या कपाळावर,
जरा डावीकडे जायची.

मागच्या जूनमध्ये लातूरला उतरले तेव्हा मी द्वारका होते.
ऑगस्टपर्यंत दिया.
कुणी ठेवलं नाही ते नाव, मीच ठेवलं,
वहीच्या शेवटच्या पानावर आधी पेन्सिलनं लिहून बघितलं,
मग कव्हरवर, जेल पेननं.
'कामून' गेलं, 'का' आलं.
जेवून ताटातच हात धुणं गेलं.
वेदश्री हसते तसं हसायला,
थोडं नाकातून, खांदे उडवत,
दोन महिने लागले.
बायोलॉजीपेक्षा तेच जास्त घोकलं मी.

या वर्षी शिवकन्या आली, घनसावंगीकडची,
पहिली टेस्ट होऊन गेल्यावर,
गादी सुतळीनं आवळून.
तिसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत म्हणाली,
"ही मपली हाय. तुपली ती निळी."

खोली हसली.
वेदश्रीनं तो शब्द भिंतीवर चेंडू मारावा तसा
परत परत मारला:
मपलं पेन, मपला पेपर, मपली मम्मी.
महेविश उदगीरची,
तिच्या घरात तीन भाषा एका दस्तरखानावर जेवतात,
तीही हसली, पण ओढणीत.
सगळ्यांत मोठ्यानं मी.
आठवतंय, कारण माझं हसू थांबलं
तेव्हा बाकीच्यांचं कधीच थांबलं होतं.

त्यानंतर शिवकन्यानं तो शब्दच सोडला.
नवा घेतला नाही.
कुठली वस्तू कुणाची, ते बोटानं दाखवायची.

आणि दिवाळीनंतर फिजिक्सच्या यादीत तिचं नाव वर गेलं,
आणि वेदश्री उशी घेऊन तिच्या कॉटवर बसायला लागली,
"शिवू, हे एकदा समजाव ना,"
आणि मी माझ्या कॉटवर
एकच आकृती चार वेळा काढली.

फोन रविवारी, जिन्याखाली. दहा मिनिटं.
वॉर्डनबाईंचा साधा मोबाइल,
कानाशी धरला तर ऐकूच येत नाही,
स्पीकर लावावा लागतो.
म्हणून मी नेहमी शेवटचा नंबर लावते.
त्या रविवारी आई सुरूच झाली,
"द्वारके, जेवलीस का गं? तुपली शेळी व्याली.
दोन झालेत. नावं तू ठेव."
आणि मी, वर्षभर इतकं जपून,
"मी आल्याबिगर इकू नका. मपले हायेत ते."

वळले तर पायरीवर शिवकन्या,
हातात वाळलेले कपडे.

सोमवार, मंगळवार मी वेदश्रीच्या चेहऱ्यावर शोधत राहिले.
मेसमध्ये. क्लासच्या वाटेवर, झेरॉक्सच्या दुकानापाशी.
तिथं काही नव्हतं.
सांगून टाकलं असतं तर बरं,
असंही एकदा वाटलं, मग लगेच नाही वाटलं.

बुधवारी पहाटे टँकर आला.
नळापाशी आम्ही दोघीच, अर्ध्या झोपेत.
तिनं दोन बादल्या पुढं सरकवल्या,
एकीचं कडं तुटलेलं,
आणि माझ्याकडं न बघता,
पाण्याच्या आवाजापेक्षा जरासुद्धा वर न जाता विचारलं,
"यातली तुपली कंची?"

मागं दार वाजलं.
वेदश्री, तोंडात ब्रश.

पाणी चढत होतं.
उत्तर जिभेवर होतं, दोन्ही उत्तरं होती.
मी बोट केलं.
नुसतं बोट, तुटक्या कड्याच्या बादलीकडं.

शिवकन्या हसली नाही.
नळ बंद केला,
आणि ती बादली बुडाला हात घालून
माझ्या पायाशी आणून ठेवली.

फोनच्या वहीत या रविवारी
मी दुसरा नंबर लावलाय.
वेळ लिहिलीये, खोली लिहिलीये.
नावाची जागा अजून कोरी आहे.