ळ कमी पडायचा

आजोबांनी पुण्याहून मागवलेल्या खिळ्यांत
ळ मोजून चाळीस आले.
चार पानांच्या दैनिकाला चाळीस ळ
म्हणजे लग्नघरात चाळीस पत्रावळी.

तिसऱ्या पानावर ते संपत
आणि इतवारीचे गुलाबराव नंदनवार, कंपोझिटर,
मान वर न करता य लावत.
शाया. फया.
'टिमकीतल्या नयाला तीन दिवस पाणी नाही.'
टिमकीतून एकही तक्रार आली नाही.
धंतोलीतून आली, तांबड्या पेन्सिलीत,
संस्कृतच्या एका प्राध्यापकांची, दर सोमवारी.
आजोबा ती पत्रं छापत,
तिसऱ्याच पानावर,
तोवर ळ संपलेले असत.

दैनिक 'दवंडी', महाल, स्थापना एकोणीसशे एकावन्न.
मे महिन्यात शाई पातळ होऊन अक्षरं फुगायची.
वाळ्याचा पडदा मशीनला होता,
माणसांना ओला पंचा.

अठ्ठ्याहत्तर साली आम्ही दौलतराव सोनकुसऱ्यांना मारलं.
नाव तेच, गल्ली चुकली.
सकाळी ते स्वतः आले, बगलेत अंक:
'काऊन जी, मले मारून टाकलं?'
दुसऱ्या दिवशी चौकट:
दिलगीर आहोत. श्री. सोनकुसरे हयात असून
त्यांनी आमच्याकडे दोन कप चहा घेतला.
पुढं बावीस वर्षं, त्याच तारखेला,
ते हजेरी लावायला येत.
मग एकदा त्यांचा मुलगा आला, हातात मजकूर.
काकांनी पैसे घेतले नाहीत.
पण आधी घरी जाऊन पाहून आले.

वाटणीत मोठ्या काकांना मशीन गेलं,
मधल्यांना इमारत,
बाबांना नाव.
नावाला भाडेकरू मिळत नाही.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी
गुलाबरावांना मुद्दाम बोलावलं होतं.
मुलीनं कळ दाबून धरली,
पडदाभर ळ ळ ळ ळ सांडत गेले.
ते चष्मा काढून जवळ वाकले, बराच वेळ.
म्हणाले, 'इतके? काहाले?'

पुढचं सांगण्यासारखं फार नाही.
अधिवेशनाच्या डिसेंबरात जाहिराती यायच्या,
जानेवारीत बिलांची पत्रं परत.
न विकलेले गठ्ठे कळमन्याला जात
संत्र्यांच्या पेट्यांत अंथरायला.
आमच्या अग्रलेखांनी दिल्ली पाहिली ती अशी.

शेवटच्या अंकात मी निरोप लिहिला नाही.
लिहून पाहिला, दोन वेळा,
निधनवार्तेच्या मापात बसेना.
अंक टाकणाऱ्या पोराला म्हटलं, उद्या येऊ नको.

दुसऱ्या दिवशी सहाला दारात तिघं उभे.
मला वाटलं, वर्गणीचे पैसे मागतील.
त्यातल्या मफलरवाल्या काकांनी कालचा अंक उघडला:
कोड्याचं उत्तर आज यायचं होतं ना?
आडवा सात, दोन अक्षरी,
'मोरपिसावर असतो, पण पाहत नाही.'

डोया, मी म्हणाले.

त्यांनी अंक भिंतीला टेकवला
आणि पेनानं, चौकटीच्या बाहेर न जाता,
ळ काढला.